सुजाता, त्यांनी तुझ्या नावापुढं 'चूक' लिहिलं

सुजाता, परवा आमच्या पेपरात तुझं नाव छापून आलं. नाव बरोबर आहे, वय बरोबर आहे, सौसरची हेही बरोबर आहे. त्याच्या पुढं लिहिलंय, 'मानवी चुकीमुळे'. मी ती ओळ वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि परत उघडला, कारण वाटलं की आपणच काही भलतं वाचलं. तू जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत. चौकशी सुरू आहे. ज्यांनी चौकशी करायची त्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही. आमच्या पेपरानं मात्र ठरवून टाकलं.

वर्ष संपताना दरवर्षी अशी पानं निघतात. कोण गेलं, कोण जिंकलं, काय महाग झालं. यंदा एक अख्खं पान विमानांना दिलं होतं, कारण वर्षच तसं गेलं. वरच्या अर्ध्यात आनंद. आपला एक माणूस अंतराळातल्या घरात राहून आला त्याचा हसरा फोटो, जुनी लढाऊ विमानं शेवटची उडाली त्यांचा निरोप, नवे विमानतळ, प्रवाशांचे उच्चांक. खाली काळ्या चौकटीत अपघात. पहिलं अर्थातच ते मोठं विमान, ज्याच्यासाठी सगळा देश टीव्हीपुढं बसला होता. मग हेलिकॉप्टरं. आणि अगदी तळाला, एका सराफाच्या जाहिरातीच्या डोक्यावर, तू.

या पेपरची सौसर-पांढुर्ण्याची बातमीदार मी आहे. तुझी ओळ मीच पाठवली होती. डेस्कवरून फोन आला होता की तुमच्या भागातल्या मुलीचं ते प्रशिक्षण विमानाचं प्रकरण चार ओळींत द्या. मी लिहिलं होतं की उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं, प्रशिक्षक सुजातानं विमान शेतात उतरवलं, प्रशिक्षणार्थी मुलगी वाचली, चौकशी सुरू आहे. एवढंच. विशेषण एकही नाही, तुला आवडायचं तसं. चारांची एक ओळ झाली, आणि त्या एका ओळीत मी न लिहिलेले दोन शब्द आले.

तुला आठवतं का, ते मोठं विमान पडलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात तू सुट्टीवर आली होतीस. सौसरच्या बस स्टँडवर उतरलीस तर पानठेल्यावरचे लोक तुझ्याभोवती जमले. पायलट घरची होती ना, हक्कानं विचारायला. "काऊन मॅडम, पायलटचीच चूक असन नं?" एकानं विचारलं. तू बॅग खाली ठेवलीस. मी तुला न्यायला स्कूटी घेऊन आले होते, मला वाटलं हसून टाळशील. तू म्हणालीस, "भाऊ, अजून लोकायले त्याइचे माणसं ओळखू येऊन नाही राहिले, अन् तुम्हाले चूक समजली? मेलेला माणूस जबाब देऊ शकत नाही, म्हणून त्याच्यावर टाकनं सोपं हाय." आवाज चढला नव्हता. पण पानवाल्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

 घराच्या फाटकाशी आल्यावर तू म्हणालीस, "वैशू, माह्यं असं काही झालं नं, तं तू कोणाले असं बोलू नको देजो." मी तुला गप्प बसवलं. असलं बोलतात का, म्हटलं.

लोक मला विचारतात, ती लहानपणापासूनच धाडशी असेल. काय सांगू त्यांना. पांढुर्ण्याच्या मेळ्यात आपण आकाशपाळण्यात बसलो होतो आणि अर्ध्या फेरीत तू एवढी ओरडलीस की त्या माणसानं पाळणा थांबवला, तुला उतरवलं आणि बाकीचे सगळे तुझ्यावर खेकसले. तू खाली बसून ओकलीस. "मी जिंदगीत कधी वर नाही चढत," असं मला सांगितलंस, माझ्याच ओढणीला तोंड पुसून. छिंदवाड्याला बीएस्सी करताना ती शिष्यवृत्तीची जाहिरात पाहिलीस आणि फॉर्म भरलास तेव्हा मी हे आठवून दिलं. तू म्हणालीस, "पाळणा दुसरा माणूस फिरवते. थ्या माणसाची भीती वाटते मले."

धाडशी नव्हतीस तू. काळजी घेणारी होतीस, आणि ती काळजी पाहून माझं डोकं फिरायचं. स्कूटी सुरू करायच्या आधी तिच्याभोवती एक चक्कर. टायर दाबून पाहायचा, ब्रेक दाबून पाहायचा, आरसा, दिवा. लोधीखेड्यापर्यंत जायला आपल्याला इतका वेळ लागायचा की दुधाच्या गाड्या पुढं निघून जायच्या. "तू पायलट हाय का बैलबंडीवाली?" मी विचारायची. "वर गेल्यावर थांबून पाहता येत नाही वं," तू म्हणायचीस, "म्हणून खालीच पाहून घ्या लागते." त्या बाईच्या नावापुढं चूक लिहिलीय यांनी.

पावसाळ्यात तू परत आलीस तेव्हा आमच्या रामाकोन्याच्या बागेत आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही. मी रोज ते पुढं नेते. तू समोर नाहीस म्हणून मला दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं.

संत्र्याला तेव्हा हिरवी फळं होती. आपण धुऱ्यावर, बागेच्या बांधावर, बसलो होतो आणि तू सांगत होतीस की एका विमानाचं इंजिन मधेच अडखळतं. तू बिघाडाची नोंद केलीस. विमान कारखान्यात गेलं आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत आलं. तू पुन्हा उडवून पाहिलंस, पुन्हा तेच. मग एकदा तू सरळ नाही म्हणालीस, या विमानात मी मुलांना बसवणार नाही. नंतर आणखी एकदा. तुझ्या वरच्या साहेबानं सगळ्यांसमोर तुला विचारलं, "मॅडम, डर लगता है तो क्लासरूम में पढ़ाइए." हे सांगताना तू हसलीस. मला हसू आलं नाही.

"सोड थे नोकरी," मी म्हटलं.

"अन् मंग?"

"मंग काहीही. घरी ये. इथं शिकव."

"मी नाही म्हटलं म्हणून थे विमान थ्या दिवशी उडलं नाही, वैशू. मी गेली तं तिथं नाही म्हणनारं कोण राहीन?"

"तुह्या नाही म्हणन्यानं काय होऊन राहिलं? उद्या कागदावर लिहून देतीन की दुरुस्त झालं, अन् तुलेच बसवतीन."

"लिहून देल्लं तं बसाच लागन. मंग ज्यानं सही केली तो जबाबदार."

"तो जबाबदार, अन् तू वरती."

तू एक कच्चं संत्रं तोडून नखानं त्याची साल काढत राहिलीस. तेवढ्यात माझ्या बाबांनी जेवायला हाक मारली. उठताना तू म्हणालीस, दिवाळीत बोलू. दिवाळीत तुला सुट्टी मिळाली नाही.

मी त्या वाक्यावर खूप रागावले आहे, सुजाता. सही करणारा जबाबदार. तुझा सगळा विश्वास त्यावर होता की प्रत्येकजण आपलं काम तुझ्यासारखंच करतो, विमानाभोवती एक चक्कर मारतो, हात लावून पाहतो आणि मगच सही करतो. तुला शाळेत असं शिकवलं, तुझ्या बाबांनी असं शिकवलं. तुझे बाबा नगरपालिकेत पाण्याच्या वॉल्व्हवर आहेत. गल्लीत पाणी आलं की नाही हे नळ उघडून पाहिल्याशिवाय ते कधी पुढच्या गल्लीत गेले नाहीत. अशा घरातल्या पोरीला कागद खोटा असू शकतो हे कसं सुचावं. मला सुचलं होतं, कारण मी कचेऱ्यांच्या बातम्या करते. मी तुला सांगितलंही होतं. तू ऐकलं नाहीस, आणि तुझं न ऐकणं चुकीचं होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही. या भांडणात हीच माझी अडचण आहे.

तुला घरी आणलं तेव्हा विहाराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बोरगाव, लोधीखेडा, कुठून कुठून मुली आल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांना तू ओळखतही नसशील. त्या दिवसाचं मी लिहीत नाही. माझ्याच्यानं होत नाही.

नंतर मी आणि मावशी, तुझी आई, ऋतुजाला भेटायला दवाखान्यात गेलो. तुझी शेवटची विद्यार्थिनी. साताऱ्याकडची मुलगी, मांडीचं हाड मोडलेलं, चेहरा सुजलेला. मावशीला पाहून ती उठायला लागली. मावशीनं तिला खांद्याला धरून निजवलं आणि म्हणाली, "तू फक्त सांग पोरी. आम्ही रडत नाही."

तिनं सांगितलं. त्या सकाळी तू आधी विचारलंस की हे तेच विमान का. त्यांनी दुरुस्तीचा कागद तुझ्यापुढं ठेवला. इंजिनाचा एक भाग बदलला, विमान उडवण्यास योग्य, खाली सही. तू तो वाचलास, मग नेहमीची तपासणी केलीस, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून. जमिनीवर सगळं ठीक होतं. उडालात, धावपट्टी मागं पडली आणि इंजिन एकदा खोकलं आणि गेलं.

"मॅडम ओरडल्या नाहीत," ऋतुजा म्हणाली. "मला म्हणाल्या, हात काढ, आता माझ्याकडं दे. मी मागं बघत होते, धावपट्टीकडं. त्या म्हणाल्या, मागं बघू नको, मागं वळलो तर पडू. समोर उतरायचं. मग म्हणाल्या, पट्टा ओढ, डोकं खाली. तेवढंच, काकू."

समोर तुरीचं शेत होतं. तू विमान त्यात उतरवलंस. चाकं जमिनीला लागली होती, ऋतुजाला वाटलं वाचलो. पुढं धुरा होता. उजवी बाजू त्यावर गेली, आणि उजवीकडं तू बसली होतीस.

मावशीनं एकच विचारलं. "तिले समजलं काय?"

"नाही काकू," ऋतुजा म्हणाली. "काहीच नाही." ते खरं होतं की मावशीसाठी होतं, हे मी तिला कधी विचारणार नाही.

त्याच दिवशी, आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा, तुझ्या विमान प्रशिक्षण संस्थेनं पत्रकारांना सांगितलं की प्राथमिक माहितीनुसार प्रशिक्षकाकडून वेळेत योग्य निर्णय झाला नाही. माझ्याच फोनवर ती बातमी आली. मावशी बाजूला बसली होती. मी फोन पालथा ठेवला.

सौसरला श्रद्धांजली सभा झाली. तुला ती पाहून हसू आलं असतं. मंचावर सगळे पक्ष एका रांगेत बसलेले, जिवंतपणी तुला ज्यांनी एकदा बोलावलं नाही ते सगळे. भाषणं हिंदीत. बेटी ने आसमान छू लिया, जिले का नाम रोशन किया. तुझ्या फोटोला इतके हार की चेहरा दिसेना. संस्थेचे एक साहेब आले होते, पांढरा शर्ट, हात जोडलेले. त्यांनी सांगितलं की तू त्यांच्या परिवारातली होतीस आणि एका पुरस्काराला तुझं नाव देण्याचा विचार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, मी लिहून घेत होते, तेवढं एक बरं असतं आमच्या धंद्यात.

मग मावशी उठली. तिला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. ती मंचावर गेलीच नाही, समोरच्या सतरंजीवर उभी राहिली.

"साहेब, माह्या पोरीनं थ्या विमानाले दोनदा नाही म्हटलं होतं. हे तुम्हाले मालूम हाय का?"

साहेब म्हणाले, "माताजी, जाँच चल रही है. उस पर कुछ कहना ठीक नहीं."

"जाँच चालू हाय, तं चूक तिची होती हे कसं समजलं तुम्हाले?"

 संचालन करणाऱ्यानं माइक ओढला आणि दोन मिनिटं मौन जाहीर केलं. सगळे उभे राहिले. मावशी आधीच उभी होती. ती त्या साहेबांकडं पाहत राहिली आणि ते खाली पाहत राहिले. मी बातमीत तिचे दोन्ही प्रश्न दिले. छापून आलं ते मंचावरच्या लोकांच्या नावांसकट, फक्त प्रश्न नव्हते.

तेव्हा मी सोडून दिलं. घरातलं दुःख आहे, म्हटलं, भांडायची वेळ नाही. परवाचं पान पाहिल्यावर मात्र मी डेस्कवर फोन लावला.

"जागा नव्हती हो," डेस्कवरचे साहेब म्हणाले. भले गृहस्थ आहेत, माझ्या लग्नाला आले होते. "बाकी सगळ्यांची कारणं दिली, मग तिचंही द्यावं लागलं. अधिकृत जे होतं ते दिलं."

"अधिकृत कोणतं? चौकशी संपली नाही."

"संस्थेनं सांगितलं होतं ना."

"ज्याचं विमान, त्यानं सांगितलं. ते अधिकृत झालं?"

"वैशाली, ती तुमची मैत्रीण होती, मी समजू शकतो."

"मैत्रीण होती म्हणून मी फोन केला, साहेब. मैत्रीण नसती तरी ती ओळ खोटीच राहिली असती."

मी सांगितलं, खुलासा छापा, नाहीतर सौसर-पांढुर्ण्याचं पान उद्यापासून दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या. मला वाटलं होतं ते म्हणतील, ठीक आहे, घेतो दुसऱ्या कुणाकडून.  ते म्हणाले, पाहतो.

आज सकाळी खुलासा आला. मंडीच्या भावांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. 'सदर अपघाताची चौकशी पूर्ण झालेली नसून कारण निश्चित झालेले नाही. त्रुटीबद्दल दिलगीर आहोत.' तुझं नाव त्यात नाही. 'सदर अपघात' म्हणजे कोणता हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळावं असा खुलासा. परवाची ओळ पूर्ण गावानं वाचली, आजची मी आणि तुझ्या बाबांनी वाचली. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचली, म्हणाले, "बरं झालं," आणि वॉल्व्ह उघडायला गेले. तू गेल्यापासून त्यांनी एक दिवस खाडा केलेला नाही. लोकांना वाटतं की दगडाचं काळीज आहे. लोकांना पाणी तर रोज लागतं.

मला हे पुरेसं नाही, सुजाता. मला तो शब्द पुसून हवा आहे. तुला कुणी शूर म्हणू नका, पुरस्कार देऊ नका, फक्त जे घडलं ते घडलं तसं सांगा. ज्या हातानं दुरुस्त म्हणून सही केली त्याला विचारा की त्यानं विमानाला हात लावून पाहिलं होतं का. एवढी साधी गोष्ट मागायला माणसाला वेड्यासारखं ओरडावं लागतं याचाच मला संताप येतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, ओरडू नको, मुद्दा मांड. मांडतेय. ओरडल्याशिवाय कुणी मान वर करून पाहत नाही त्याला मी काय करू.

काल ऋतुजा आली होती. कुबड्या घेऊन, वडिलांबरोबर, गाडीनं. आज नागपूरला चौकशीवाल्या अधिकाऱ्यांपुढं तिचा जबाब आहे. त्याआधी तिला तुझं घर पाहायचं होतं. तुझ्या खोलीत ती फार वेळ बसली नाही. स्वयंपाकघरात येऊन मावशीजवळ पाटावर बसायचा प्रयत्न केला, पाय वाकेना, मग मावशीनं स्टूल दिलं. ती म्हणाली की बाकीच्या मुलांशीही ती बोलली आहे. तू नाही म्हणालीस तेव्हा हजर असलेले तिघं जबाब द्यायला तयार झालेत. एकाला घरच्यांनी मना केलं, करियर बिघडेल म्हणून. तरी तो येतोय.

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते," ती म्हणाली. "मला त्यांच्याकडूनच लायसन्स पूर्ण करायचंय. पण मी गप्प बसले तर मॅडमनी मला कशाला वाचवलं?"

तिचे वडील भिंतीकडं पाहू लागले.

मावशी पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, मी पण येते. आम्ही सगळे तिच्याकडं पाहू लागलो. ऋतुजाच्या वडिलांनी समजावलं की ताई, तुम्हाला तिथं बोलावलेलं नाही, आत घेतील की नाही सांगता येत नाही.

"दोन्ही वेळा तिनं मले फोन केला होता, भाऊ," मावशी म्हणाली. "नाही म्हणून आल्याबरोबर. पहिल्यांदा रडत होती, साहेबानं सगळ्याइसमोर डरपोक म्हटलं म्हणून. दुसऱ्यांदा रडली नाही. म्हणे आई, मी बरोबर केलं नं? मी म्हटलं, बरोबर केलं. हे कोणी लिहून घेतलं हाय काय? नाही नं? मंग मले सांगा लागन. आत नाही घेतलं तं बाहेर बसीन."

हे मला माहीत नव्हतं. तू मला बागेत साहेबाचं वाक्य हसत सांगितलंस, आणि रडलीस ते आईजवळ. वाईट वाटलं थोडं. मग बरं वाटलं, की रडायला तुला जागा होती.

आज सकाळी त्या निघाल्या. मावशीनं ठेवणीतली निळी साडी नेसली होती आणि एका डब्यात ऋतुजासाठी दशम्या बांधल्या होत्या. गाडीत बसताना ऋतुजाचा पाय नीट ठेवायला तिनं आपली शाल घडी करून खाली दिली. मी म्हटलं, मावशी, मी पण येते, बातमी करायची आहे. तिनं नाही म्हणून मान हलवली. "तू इथं बस अन् तिच्याबद्दल लिही," म्हणाली. "जसं झालं तसं लिही. तिथलं मी सांगीन." काच वर केली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला."

त्यांना जाऊन आता बराच वेळ झाला. लोधीखेडा कधीच मागं पडलं असेल. मी लिहून राहिली, सुजाता.